गावच्या कुटुंब मेळाव्याला पैसा कसा उभा केला

रविवार, १९ जानेवारी २०२५ रोजी आमच्या गावात पहिला कुटुंब मेळावा झाला. मुलं, आई-वडील आणि आजी-आजोबांनी शाळेच्या आवारात दिवसभर एकत्र बसून वाचायचं, मोजायचं, लिहायचं, एकमेकांकडून शिकायचं, असा तो कार्यक्रम. फोटो पाहून आसपासच्या गावांतल्या बायका फोन करतात आणि दोन-चार वाक्यांतच मुद्द्यावर येतात : "ताई, पैसे कुठून आणले?" हे सगळं फोनवर सांगून होत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर माणूस भलत्याच दारात जाऊन बसतं. म्हणून पहिल्यापासून लिहिते. गाव सातारा जिल्ह्यातलं आहे, कायदे-नियम महाराष्ट्रातले आहेत आणि खर्चाचे आकडे आमचे आहेत.

विषय निघाला तो जून २०२४ मध्ये. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत 'पहिले पाऊल' हा शाळा पूर्वतयारी मेळावा होतो. २०२२ पासून तो सुरू झाला. त्यात आयांचे गट केले जातात आणि घरी मुलांबरोबर काय करता येईल ते दाखवलं जातं. आमच्या वाडीतल्या गटाला ते मनापासून आवडलं होतं. पण एका आईने विचारलं, "माझा मोठा चौथीत गेला, त्याला अजून नीट वाचता येत नाही. त्याच्यासाठी असं काही नाही का? आणि माझीच शाळा चौथीला सुटली, मी घरी त्याच्याजवळ बसून काय करू?" या प्रश्नाला आमच्यातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. अंगणवाडी सेविका, दोन निवृत्त शिक्षक, गटातल्या सात-आठ बायका आणि मी, असे आम्ही बसलो आणि ठरवलं की मुलांना एकीकडे आणि पालकांना दुसरीकडे न बसवता अख्खं घर एका सतरंजीवर बसेल असा मेळावा घ्यायचा.

आधी खर्चाचा अंदाज काढला. सव्वाशे कुटुंबं धरली. मंडप, खुर्च्या, सतरंज्या ११,५०० रुपये. स्पीकर ३,०००. प्रत्येक घराला एक गोष्टीचं पुस्तक आणि शाळेच्या वाचनकोपऱ्यासाठी थोडी जास्तीची, मिळून २४,०००. वह्या, रंग, कार्डशीट, मोजण्याच्या पट्ट्या, तराजू असं साहित्य ९,५००. बाहेरून शिकवायला येणाऱ्यांचा, म्हणजे साधनव्यक्तींचा, प्रवास आणि मानधन ६,०००. दुपारचं जेवण २१,०००. बॅनर, पत्रकं, झेरॉक्स ३,००० आणि अडीअडचणीला २,०००. बेरीज बरोबर ८०,००० झाली. आकडा कागदावर पाहिला आणि खोलीत कुणी काही बोलेना. आमच्यातल्या एकीच्याही घरात महिन्याला एवढे पैसे येत नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. माझ्याच पुढाकाराने सगळ्या तयार झाल्या होत्या, आणि आता त्यांना नाही म्हणायची वेळ येईल असं वाटत होतं.

पैसे मागायला जाण्याआधीच एक भिंत आडवी आली. आमचा गट नोंदणीकृत नव्हता. म्हणजे कुणी चेक दिला तरी तो भरायला खातं नाही, पावती द्यायला अधिकार नाही. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, स्वतःची संस्था काढायची. त्यासाठी किमान सात सदस्य, घटना म्हणजे संस्थेची नियमावली, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दुहेरी नोंदणी. मग पॅन, मग बँक खातं, मग दरवर्षी ऑडिट. तालुक्याच्या सीएंनी सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास खर्च सांगितला. दुसरी वाट गणेश मंडळं घेतात तशी वर्गणीची तात्पुरती परवानगी, त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क खाली. ती वर्गणीपुरती ठीक असते, पण आम्हाला पुढेही काम करायचं होतं. तिसरी वाट म्हणजे गावात आधीच नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखाली जाणं, आणि आम्ही तीच घेतली.

आमच्या गावात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता असलेलं वाचनालय आहे. जुनं आहे, दरवर्षी हिशेब तपासून घेतं, बँकेत खातं आहे. चिटणीस काकांना आम्ही भेटलो तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण उद्या काही कमी-जास्त झालं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. त्यांनी विषय जुलैच्या कार्यकारिणीपुढे ठेवला. ठराव झाला, त्यात चार अटी होत्या. मेळाव्याचा हिशेब वेगळ्या खातेवहीत ठेवायचा. वाचनालयाला मिळणाऱ्या शासकीय अनुदानातला एक रुपयाही यात वापरायचा नाही. प्रत्येक खर्चाला पक्कं बिल हवं. आणि खर्चाला मंजुरी देताना आमच्या गटातल्या एकीची आणि चिटणिसांची अशा दोघांच्या सह्या हव्यात. कुणी वाचनालयाकडे, महिला मंडळाकडे किंवा तालीम संस्थेकडे असं जाणार असेल, तर लेखी ठराव करूनच पुढे जा. ठरावाची प्रत पुढे प्रत्येक ठिकाणी मागितली गेली. आम्ही सुरुवातीलाच तिच्या दहा-पंधरा सही-शिक्क्याच्या प्रती काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे काकांना सारखं त्रास देणं टळलं.

आता ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी वगैरेतून येणारे, १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जसे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी, तसेच हे. गावातल्या बहुतेक बायकांना हे माहीत नसतं. आम्हालाही अंगणवाडी सेविकेने सांगितलं तेव्हा कळलं. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच) अर्ज घेऊन गेले. त्यांनी अर्ज वाचला, ८०,००० चा आकडा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, हे कुठल्या हेडला टाकू?"

पुढचे सगळे महिने मी हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. पैसा देणाऱ्या प्रत्येकाकडे खर्चाची ठरलेली खाती असतात. तुमचा मेळावा कितीही चांगला असला तरी तो त्यांच्या एखाद्या खात्यात बसला नाही, तर त्यांना इच्छा असूनही देता येत नाही. ऑडिटला उत्तर त्यांना द्यायचं असतं. भाऊसाहेब म्हणाले, जेवण आणि मंडप मला या निधीत दाखवता येणार नाही, पण आया आणि मुलांसाठी शैक्षणिक साहित्य आणि प्रशिक्षण देणाऱ्यांचं मानधन दाखवता येईल. त्या दिवशी घरी येऊन मी ८०,००० चा तो एकच कागद बाजूला ठेवला आणि त्याचे तुकडे केले : पुस्तकं, साहित्य आणि मानधन, मंडप-स्पीकर, जेवण आणि किरकोळ. प्रत्येक तुकड्याला वेगळा दाता शोधायचा. आकडा लहान झाला आणि छातीवरचं दडपणही. नऊ हजार मागायला जाताना पाय तेवढे जड होत नाहीत.

भाऊसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी प्रत्येकीला सांगते. नुसता अर्ज देऊन जाऊ नका, महिला सभेत विषय मांडा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती नुसती कागदावर होते. आम्ही १४ ऑगस्ट २०२४ च्या महिला सभेला घरोघर सांगून बायका आणल्या, खोली भरली. विषय मी नाही मांडला, जून महिन्यात प्रश्न विचारणाऱ्या त्या आईने मांडला. तिचा आवाज सुरुवातीला थरथरत होता, पण ती पूर्ण बोलली. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत साहित्य ९,५०० आणि मानधन ६,००० असा १५,५०० रुपयांचा ठराव कुणाच्याही विरोधाशिवाय झाला. सभेत ठराव झाला की त्याचा क्रमांक आणि तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढे "ठराव क्रमांक काय?" असं विचारल्यावर इतिवृत्त शोधत बसावं लागत नाही.

मंडप-स्पीकरचे पैसे पतसंस्थेकडून मिळवणं सगळ्यात सोपं झालं, आणि त्याला कारण फक्त वेळ. सहकारी संस्थांना नफ्यातला काही भाग धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येतो आणि नफ्याच्या वाटणीला वार्षिक सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. म्हणजे अर्ज ऑगस्टमध्ये गेला तर संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर येतो, ऑक्टोबरमध्ये गेला तर "पुढच्या वर्षी बघू". आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दिला. मंडप आणि स्पीकरसाठी १५,००० मंजूर झाले, चेक वाचनालयाच्या नावाने आला. त्यांची अट एवढीच की बॅनरवर संस्थेचं नाव असावं. आम्ही आनंदाने घातलं.

पुस्तकांचे २४,००० मात्र फार दमवून गेले. शिरवळ-लोणंद पट्ट्यात मोठे कारखाने आहेत, तेव्हा सगळे म्हणाले, सीएसआर मागा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च. सप्टेंबरमध्ये आम्ही बऱ्याच कंपन्यांना पत्रं पाठवली. बहुतेकांकडून उत्तरच आलं नाही. एका ठिकाणी गेटवर बराच वेळ उभं राहून शेवटी पत्र सुरक्षारक्षकाकडे देऊन परत आलो. येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. बरोबरच्या दोघी त्या दिवशीची मजुरी बुडवून आल्या होत्या, त्याचं मला जास्त लागलं.

मग एका कंपनीच्या सीएसआर पाहणाऱ्या मॅडमनी स्वतः फोन केला. देता येणार नाही असंच त्या सांगत होत्या, पण का देता येणार नाही ते त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि त्या फोनने आमचं काम झालं. त्यांच्याकडून कळलेलं आणि नंतर आम्ही वाचून पक्कं केलेलं असं.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे सीएसआर सगळ्या कंपन्यांना लागू नाही. ज्यांचं नक्तमूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. आम्ही पत्रं पाठवलेल्या कितीतरी छोट्या कारखान्यांना तो कायदा लागूच नव्हता. दुसरं, खर्च कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या विषयांवरच करता येतो. शिक्षण त्यात आहे. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या १८ जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असे एकेकदा होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत. आमच्या पत्राचा विषय होता, "एकदिवसीय मेळाव्यास प्रायोजकत्व मिळणेबाबत". पत्र उघडणाऱ्याला विषयातच नकाराचं कारण मिळत होतं. तिसरं, संस्थेला पैसे द्यायचे तर तिच्याकडे आयकराची १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. वाचनालयाकडे यातलं काहीच नव्हतं.

मी विचारलं, "मॅडम, मग आम्ही काहीच मागू शकत नाही का?" त्या थोडं थांबून म्हणाल्या, कंपनी काम संस्थेमार्फतच करते असं नाही, स्वतः थेटही करू शकते. तुम्ही पैसे मागू नका, पुस्तकं मागा. बिल आमच्या नावाने होईल, पुस्तकं आम्ही शाळेला आणि वाचनालयाला देऊ. आणि एका दिवसाचं नका लिहू, वर्षभर त्या पुस्तकांचं काय करणार ते लिहा.

आम्ही पत्र पुन्हा लिहिलं. विषय : "प्राथमिक शाळेतील मुले व पालक यांच्यासाठी वर्षभराचा वाचन उपक्रम – पुस्तके मिळणेबाबत". दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुस्तकांची अदलाबदल, तीन महिन्यांनी एक मेळावा, शाळेत नोंदवही, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पद. हे कागदासाठी रचलेलं नव्हतं. वर्षभर काही करायचं आमच्या मनात होतंच, ते कधी लिहिलं नव्हतं एवढंच. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तिचा ठराव म्हणजे पालकांची मागणी, हे कंपनीला पटतं. पुस्तकांची यादीही आम्हीच दिली, नाव आणि किमतीसह. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मराठी बालपुस्तकं स्वस्त आणि चांगली असतात, त्यामुळे २४,००० मध्ये प्रत्येक घराला पुस्तक देऊनही शाळेसाठी भरपूर उरली. याशिवाय स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी खुल्या परवान्याखाली मोफत आहेत, छापून घेता येतात. लहान अक्षरांची पुस्तकं ज्यांना अवघड जातात त्या आजी-आजोबांसाठी आम्ही त्यातल्या काही मोठ्या टायपात छापल्या.

पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. कंपनीला तिचा संबंध नव्हता, पण ग्रामपंचायतीने साहित्याची खरेदी तिथेच थांबवली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. या काळात काहीही विचारलं तरी "आचारसंहिता संपू द्या" हेच उत्तर. चिडून उपयोग नव्हता. पण कुणी तारीख ठरवत असेल तर निवडणुकांचं वर्ष आहे का हे आधी बघा. आम्ही मूळ तारीख डिसेंबरची धरली होती ती जानेवारीत नेली. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो आणि शाळांनी त्यात कार्यक्रम घ्यायचे असतात. मेळावा त्यात बसवला तर शाळेचं आवार आणि शिक्षकांची मदत मागणं सोपं होतं, असं गुरुजींनी सुचवलं. तसंच झालं.

थांबलेल्या दिवसांत लोकवर्गणी केली. दिवाळीत पुण्या-मुंबईची माणसं गावी येतात, तेव्हा क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक घेऊन आम्ही दोघी-दोघींच्या जोड्या केल्या. एकटीने कुणी जायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. रोख घेतली की लगेच पावती, संध्याकाळी मोजून वहीत नोंद, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. वाचनालयाच्या खात्याचा क्यूआर कोड छापून ठेवला होता, तरुण मुलांनी त्यावरच दिले. काहींनी करसवलतीचं विचारलं. वाचनालयाकडे ८० जी नाही, सवलत मिळणार नाही, असं आम्ही सरळ सांगितलं. तरीही बहुतेकांनी दिले. एकूण १८,४०० जमले. सगळ्यात मोठी पावती २,००० ची आणि सगळ्यात लहान १० रुपयांची होती. ती दहाची पावती ज्या आजींच्या नावावर आहे त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवलीय असं त्यांच्या सुनेने सांगितलं. वर्गणीदारांची पूर्ण यादी आणि जमा रक्कम शाळेच्या आणि वाचनालयाच्या फलकावर लावली. यादी लागल्यावर आणखी काही जण स्वतःहून आले.

जेवणासाठी पैसे मागायचेच नाहीत असं बायकांनी ठरवलं. घरटी तांदूळ, डाळ, शेंगदाणे असा शिधा गोळा केला. त्यामुळे जेवणाचा रोख खर्च २१,००० वरून ९,००० वर आला. तेल, गॅस, भाजी आणि आचाऱ्याची मजुरी एवढाच तो. आपल्या गावात काय वस्तुरूपात मिळू शकतं याचा रकाना अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून ठेवा असं मी आग्रहाने सांगेन.

डिसेंबरमध्ये कंपनीचं होकाराचं पत्र आलं. मी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच मला वाचता येईना, शेजारच्या वहिनींनी पुढचं वाचलं. ग्रामपंचायतीची खरेदीही पुन्हा सुरू झाली. तीन दुकानांची दरपत्रकं, मग सगळ्यात कमी दराच्या दुकानाला पुरवठा आदेश. पण पेच असा होता की ग्रामपंचायत पैसे आमच्या हातात देणार नव्हती, दुकानदाराला थेट देणार होती आणि तेही माल मिळाल्यावर, बिल तपासल्यावर. साधनव्यक्तींच्या मानधनाचंही तसंच. म्हणजे मेळावा जानेवारीत आणि पैसे कधी ते सांगता येत नाही. तालुक्याच्या दुकानदाराला आम्ही ठरावाची प्रत दाखवली, त्याने मार्चअखेरपर्यंत थांबायची तयारी दाखवली. साधनव्यक्तींना आधीच स्पष्ट सांगून ठेवलं, प्रवासखर्च तेवढा वर्गणीतून त्याच दिवशी उसना दिला आणि ग्रामपंचायतीकडून रक्कम आल्यावर वळता केला. ज्यांच्याकडे थांबायला तयार असा कुणी नसेल त्यांनी ग्रामपंचायतीच्या वाट्याचा खर्च आधी कोण भागवणार हे ठरवल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी थंडी होती, दहापर्यंत लोक कमीच होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. साडेदहानंतर आवार भरलं. मोजणीच्या कोपऱ्यात एक आजोबा हाताच्या वितीने बांध कसा मोजायचे ते नातवाला दाखवत होते आणि नातू पट्टीने सेंटिमीटर सांगत होता, दोघांचा हिशेब जुळेपर्यंत ते उठले नाहीत. एका कोपऱ्यात बँकेची पैसे भरायची स्लिप ठेवली होती. पाचवीतल्या मुली आपल्या आयांना त्यावर सही करायला शिकवत होत्या. आठशे पानांच्या अहवालातही हे मावणार नाही, पण दात्यांना हवं असतं ते वेगळंच, आणि ते त्याच दिवशी गोळा करावं लागतं : कुटुंबवार हजेरी, सह्या किंवा अंगठे, तारीख दिसेल असे फोटो, पुस्तक मिळाल्याच्या सह्या. यासाठी आम्ही दोन मुली फक्त नोंदीच्या टेबलावर बसवल्या होत्या. मुलांचे फोटो कंपनीला पाठवायचे असल्यामुळे पालकांची लेखी संमतीही तिथेच घेतली.

नंतरचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं. ग्रामपंचायतीला बिलं, हजेरीपत्रक, फोटो आणि साहित्य शाळेच्या साठा नोंदवहीत चढवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला दिला. रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदाराच्या खात्यात आली. तोवर त्याचे फोन येत होते आणि प्रत्येक फोनला मनावर ताण यायचा. कंपनीला पुस्तकं मिळाल्याची पोच आणि वाटपाची यादी. पतसंस्थेला विनियोग दाखला, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला, आणि आभाराचं पत्र. वर्गणी आणि पतसंस्था मिळून ३३,४०० रुपये वाचनालयाच्या खात्यातून गेले. त्यातले मंडप-स्पीकर १४,५००, जेवण ९,०००, छपाई ३,००० आणि किरकोळ १,७०० असे २८,२०० खर्च झाले. उरलेले ५,२०० पुढच्या मेळाव्यासाठी ठेवले आणि तसं फलकावर लिहिलं.

कुणाला फाइल तयार करायची असेल तर आमच्या फाइलमध्ये हे होतं : संस्थेचा नोंदणी दाखला, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल, कार्यकारिणीचा ठराव, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, तुकड्या-तुकड्यांत केलेलं अंदाजपत्रक आणि एका पानात मेळाव्याची माहिती. त्या एका पानावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या परिच्छेदात मोठमोठे शब्द न घालता, त्या दिवशी दहा वाजता काय होईल, अकरा वाजता काय होईल, हेच लिहिलं होतं. भाऊसाहेब असोत की कंपनीच्या मॅडम, सगळ्यांनी त्यावरूनच प्रश्न विचारले.

वाचनालयाने आता १२ ए आणि ८० जी साठी तयारी सुरू केलीय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा ते सीएंना विचारून मगच करायचं असं कार्यकारिणीत ठरलं. तोवर प्रत्येक मेळाव्याची स्वतंत्र फाइल ठेवतोय, कारण सीएसआरसाठी तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागेल तेव्हा तो याच फाइलींतून निघणार आहे. ऑगस्ट २०२५ च्या महिला सभेत विषय पुन्हा मंजूर झाला. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम सुरू होतं, त्यात मेळाव्यांची स्वतंत्र ओळ घालावी म्हणून अर्ज दिलाय. पतसंस्थेचा अर्जही या वेळी ऑगस्टमध्येच गेला. त्यांची सर्वसाधारण सभा सप्टेंबर २०२५ च्या शेवटी ठरली होती.